चाचणी घरात, पण घर कुठे आहे?

रोग जात पाहत नाही, असे कोरोनाच्या काळात आम्हाला वारंवार ऐकवले गेले. विषाणू जात पाहत नसेलही. परंतु दवाखान्यातली खाट, प्राणवायूची नळी आणि चाचणीचा संच आधी कोणाच्या हाती पडतो, हे इथली व्यवस्थाच ठरवते. घरच्या घरी करायच्या कोरोना चाचणीने हेच दाखवून दिले.

मे २०२१ मध्ये आयसीएमआरने पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या ‘कोविसेल्फ’ या संचाला मान्यता दिली. किंमत २५० रुपये. नाकात काडी फिरवायची, पंधरा मिनिटे थांबायचे, मोबाइलच्या अ‍ॅपवर फोटो पाठवायचा. चाचणी पॉझिटिव्ह आली तर माणूस बाधित धरायचा. लक्षणे असूनही निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करून घ्यायची. साधन चांगलेच होते. विज्ञान सामान्य माणसाच्या हाती येत असेल तर बाबासाहेबांचे अनुयायी म्हणून आम्ही त्याचे स्वागतच करतो.

मग हे साधन पोहोचले कुठे? ७ जानेवारी २०२२ ला मुंबईत एका दिवसात २०,९७१ रुग्ण आढळले. त्याच महिन्यात तत्कालीन महापौर किशोरी पेडणेकर यांनी सांगितले की, एक लाखाहून अधिक मुंबईकरांनी घरी चाचणी केली आणि त्यात साडेतीन हजारांच्या आसपास बाधित निघाले. अनेकजण निकाल कळवतच नाहीत, ही पालिकेची तक्रार होती. म्हणून संच विकत घेणाऱ्यांची नोंद ठेवण्याचा आदेश औषध दुकानदारांना निघाला. म्हणजे पालिकेला चिंता पडली ती संच घेऊन निकाल लपवणाऱ्यांची. ज्यांना संच घेणेच परवडत नव्हते, त्यांची नोंद कोणत्या वहीत झाली?

अंधेरी-बोरिवलीच्या सोसायटीत राहणाऱ्याला २५० रुपये म्हणजे किरकोळ खर्च. पाच माणसांच्या मजूर कुटुंबाला तेच १,२५० रुपये होतात. पालिकेच्या केंद्रावर चाचणी मोफत होती, हे आम्ही नाकारत नाही. पण रांगेत गेलेला दिवस मोफत नसतो. आणि समजा, संच फुकट मिळाला. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरासारख्या वस्तीत दहा बाय बाराच्या खोलीत पॉझिटिव्ह आलेल्या माणसाने वेगळे व्हायचे ते कोणत्या खोलीत? सार्वजनिक संडासाला जायचे ते कोणत्या दाराने? जुलै २०२० मध्ये दहिसरचा आर-उत्तर, चेंबूरचा एम-पश्चिम आणि एफ-उत्तर या तीन वॉर्डांतल्या पाहणीचे निष्कर्ष आले. झोपडपट्टीत शंभरांपैकी ५७ जणांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली, बाकी वस्तीत १६ जणांच्या. एवढा फरक विषाणूने नाही, घरांच्या रचनेने केला.

त्याहून मोठी अडचण निकालानंतरची. घरकाम करणारी आमची मायभगिनी पॉझिटिव्ह आली की त्या दिवसापासून पगार बंद. सोसायटीचे फाटक तिला बंद होतेच. ते उघडायला तिलाच निगेटिव्ह असल्याचा दाखला आणावा लागे. मालकाला चाचणी हे स्वतःच्या काळजीचे साधन, मोलकरणीला तो फाटकावरचा परवाना! मग लोक चाचणीला घाबरतात, अडाणी आहेत, असे म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो : ज्या सत्याची किंमत उपासमार आहे, ते सत्य जाणून घ्यायला तुम्ही तरी पुढे आला असता का?

इंग्लंडने एप्रिल २०२१ पासून वर्षभर असे संच सर्वांना मोफत दिले. अमेरिकेने जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक घराला चार संच टपालाने मोफत देऊ केले. इथे मात्र घरची चाचणी औषधाच्या दुकानावर सोडून दिली.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना असा भार सरकारनेही उचलावा, अशी भूमिका घेतली. ते मजूरमंत्री असतानाच १९४४ चा अडारकर अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा कामगार विमा कायदा उभा राहिला. आजारी कामगाराला उपचाराबरोबर बुडालेल्या मजुरीचा भाग मिळावा, हे त्याचे सूत्र. परंतु मोलकरीण, नाका कामगार, फेरीवाला त्याच्या बाहेर राहिले. आणि ज्यांच्यासाठी ही योजना होती, त्यांचे अंधेरीचे कामगार रुग्णालय डिसेंबर २०१८ च्या आगीत होरपळून बंद पडले, महामारीच्या तोंडावर!

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. साथ पुन्हा येणार नाही, अशी हमी मात्र कोणी दिलेली नाही. म्हणून आमची मागणी आजच आहे. पुढच्या साथीत संच वस्तीतल्या आरोग्य केंद्रावर मोफत मिळाला पाहिजे. बाधिताला राहायला स्वच्छ जागा आणि बुडालेल्या दिवसांची मजुरी मिळाली पाहिजे. असंघटित कामगाराला आजारपणाचा विमा मिळाला पाहिजे.

आणि थोडे आपल्याकडेही पाहू. टाळेबंदीत आपल्या कार्यकर्त्यांनी घरोघर धान्य पोहोचवले, याचा अभिमान आहेच. परंतु चाचणी कशी करायची, निगेटिव्ह आली तरी कधी गाफील राहायचे नाही, हे शिकवणारे वर्ग किती विहारांत भरले? प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १८९७ मध्ये सावित्रीमाईंनी प्राण दिले. त्यांच्या लेकरांनी सरकारला जाब विचारावा, आणि विहाराचे दार आरोग्यासाठीही उघडावे.