एफटीपीवरचा खटला : आरोपी चुकीचा उभा केला आहे
#थ्रेड #इतिहास #तंत्रज्ञानाचा_इतिहास

१/ ‘एफटीपी असुरक्षित, एसएफटीपी सुरक्षित, विषय संपला.’ पगारपत्रके, बिले, बँकेला द्यायच्या याद्या एका कंपनीकडून दुसरीकडे कशा पाठवाव्यात, या प्रश्नावर हे तयार उत्तर सर्रास दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. उरलेला अर्धा भाग इतिहासाच्या अज्ञानावर उभा आहे आणि त्या अज्ञानाची किंमत ज्यांची माहिती फुटते त्यांना मोजावी लागते.

२/ प्रथम आरोपीची ओळख. फाईल कशी मागावी आणि कशी द्यावी, याविषयी दोन संगणकांमधला करार म्हणजे एफटीपी. त्याचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे हे पदवीधर तेव्हा एमआयटीत होते. अर्पानेटवर मोजकी विद्यापीठे आणि संशोधनसंस्था होत्या. भिन्न बनावटीच्या यंत्रांना एकमेकांच्या फाईली हाताळता येतील का, हा त्या काळाचा प्रश्न होता.

३/ ‘मग त्यांनी मजकूर कूटबद्ध का केला नाही?’ हा आक्षेप म्हणजे निव्वळ कालविपर्यास होय. पूर्वी न भेटलेल्या दोन पक्षांनी उघड्या वाटेवरून गुप्त किल्ली कशी ठरवावी, हे डिफी आणि हेलमन यांनी प्रसिद्ध केले १९७६ मध्ये. जे साधन जन्मालाच आले नव्हते, ते न वापरल्याचा दोष कोणावर ठेवणार?

४/ दोष द्यायचाच, तर तो नंतरच्यांना द्यावा. १९८५ च्या सुधारित एफटीपीतही पासवर्ड उघड्या अक्षरांत जात असे. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणी पासवर्ड टिपून नेले. तेथील संशोधक तातू यूलॉनेन यांनी त्याच वर्षी एसएसएच लिहिले. एफटीपीचे पोर्ट २१, टेलनेटचे २३; त्यांनी मधले २२ मागून घेतले. त्या दिवसापासून ‘पर्याय नव्हता’ ही सबब संपली. तरी क्रोम आणि फायरफॉक्स यांनी एफटीपीला निरोप दिला तो थेट २०२१ मध्ये.

५/ पुढे दोन वाटा निघाल्या. एफटीपीएस म्हणजे जुन्याच एफटीपीवर टीएलएसचे कवच. त्याचे प्रमाण २००५ मध्ये ठरले. मात्र एफटीपीत आज्ञा एका जोडणीवरून आणि फाईल दुसरीवरून जाते. आज्ञा कूटबद्ध झाल्यावर दुसरे दार कोणते उघडायचे, हे फायरवॉलला कळत नाही. एसएफटीपी सारे काही एसएसएचच्या एकाच जोडणीतून नेते. कारभार सोपा होतो, म्हणून ते लोकप्रिय झाले.

६/ पण एसएफटीपी ही एफटीपीची सुधारित आवृत्ती नव्हे; तो स्वतंत्र करार आहे. त्याचे मसुदे २००६ पर्यंत निघाले, अंतिम प्रमाण कधीच झाले नाही. शिवाय पहिल्या जोडणीच्या वेळी समोरच्या यंत्राच्या किल्लीचा ठसा दाखवला जातो. तो न पडताळता ‘होय’ म्हणणारा मनुष्य वाटेत बसलेल्या तोतयाच्या हाती लखोटा स्वतःहून देतो.

७/ व्यापाराला आणखी एक गोष्ट लागते : पोच. ‘तुमची ऑर्डर मिळालीच नाही’ असे कोणी म्हटले, तर पुरावा काय? एसएफटीपीच्या करारात सहीची पोच नाही. एएस२ हे त्याचे उत्तर. त्यात स्वीकारणारा डिजिटल सहीची पोच परत पाठवतो आणि हाती आलेल्या मजकुराचा गणिती ठसाही त्यात देतो. वॉलमार्टने २००२ मध्ये आपल्या पुरवठादारांना एएस२ कडे वळवले.

८/ ‘सुरक्षित’ या पाटीवर विसंबणाऱ्यांनी २०२३ आठवावे. मूव्हइट हे सुरक्षित फाईल-देवाणघेवाणीसाठीच विकले जाणारे सॉफ्टवेअर. क्लॉप टोळीने त्याच्या वेब-अनुप्रयोगातल्या एसक्यूएल इंजेक्शनच्या फटीतून दोन हजारांहून अधिक संस्थांची माहिती लांबवली. वाटेवरचे कूटलेखन कोणी फोडलेच नाही. फाईली चोरीला गेल्या त्या मुक्कामाच्या कोठारातून.

९/ म्हणून निवड करताना नावाआधी प्रश्न विचारावेत. वाटेत कोणी वाचेल का? समोरचा खरोखर तोच आहे का? पुढे तो नाकबूल झाला तर काय? आणि पोहोचलेली फाईल कोठारात किती दिवस पडून राहते? पहिल्या दोन प्रश्नांपुरती गरज असेल, तर किल्ल्या पडताळून एसएफटीपी घ्यावे. तिसरा प्रश्न असेल, तर एएस२. चौथ्याचे उत्तर कोणताही प्रोटोकॉल देत नाही. ते कार्यालयालाच द्यावे लागते.

१०/ १९७१ च्या मसुद्याने आपल्या काळाचा प्रश्न सोडवला. आज साध्या एफटीपीवरून लोकांची पगारपत्रके पाठवणारा मात्र आपल्या काळाचा प्रश्न टाळतो आहे. खटला त्याच्यावर भरावा.

(समाप्त)