झामोरा नक्की कुणाचा? एका गोलरक्षकाची कीर्ती आणि स्पेनचे यादवी युद्ध

१/ २१ जून १९३६. व्हॅलेन्सिया शहरातील मेस्ताया मैदान. स्पेनच्या राष्ट्रीय चषकाचा अंतिम सामना शेवटच्या क्षणांत आहे. माद्रिद २, बार्सिलोना १. माद्रिदचे दहाच खेळाडू मैदानात उरले आहेत. बार्सिलोनाचा एस्कोला जवळून जोरदार फटका मारतो आणि गोलखांबाशी धुळीचा लोट उसळतो. क्षणभर कुणालाच काही दिसत नाही. धूळ खाली बसते, तेव्हा चेंडू गोलरक्षकाच्या हातात असतो.

२/ हा गोलरक्षक म्हणजे रिकार्दो झामोरा, वय ३५. या बचावाचे छायाचित्र स्पॅनिश फुटबॉलच्या इतिहासात अजरामर झाले आहे. त्यानंतर महिनाही उलटला नाही, तोच स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले आणि हा खेळाडू सर्वांनाच आपला म्हणून हवा झाला.

३/ या धाग्यात मला एक मत मांडायचे आहे. झामोराच्या कीर्तीने त्याचा जीव वाचवला, पण त्याच कीर्तीने त्याचे आयुष्य त्याच्या मालकीचे राहू दिले नाही. त्याला ‘फ्रँकोचा माणूस’ म्हणणे जितके सोपे, तितकेच ‘राजकारणाशी संबंध नसलेला बिचारा खेळाडू’ म्हणणेही सोपे. माझ्या मते दोन्ही शिक्के अपुरे आहेत. का, ते क्रमाने पाहू.

४/ झामोराचा जन्म २१ जानेवारी १९०१ रोजी बार्सिलोनात, एका डॉक्टरच्या घरी झाला. मुलाने वैद्यकीचा वारसा चालवावा ही घरच्यांची इच्छा; मुलाचे मन मात्र मैदानात. १९१६ मध्ये तो एस्पान्योल क्लबात आला, १९१९ मध्ये त्याच शहरातील प्रतिस्पर्धी बार्सिलोनात गेला आणि १९२२ मध्ये पुन्हा एस्पान्योलकडे परतला. कॅटलोनियाच्या प्रांतिक संघाकडूनही तो खेळला. कॅटलान, स्पॅनिश, माद्रिदवासी या ओळखी त्याच्या ठायी एकत्र नांदत होत्या. त्यांपैकी एकीचीच निवड करण्याची सक्ती पुढच्या काळाने केली.

५/ स्पेनच्या राष्ट्रीय संघाचा इतिहासातील पहिला सामना २८ ऑगस्ट १९२० रोजी, अँटवर्प ऑलिंपिकच्या निमित्ताने, डेन्मार्कविरुद्ध झाला. स्पेनने तो १-० असा जिंकला. गोलात होता १९ वर्षांचा झामोरा. त्या स्पर्धेत स्पेनला रौप्यपदक मिळाले. मात्र इटलीविरुद्धच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्यावर हात उगारल्याबद्दल याच झामोराला पंचांनी मैदानाबाहेर काढले होते, हेही लक्षात ठेवावे. चरित्रनायकाला संत बनवण्याचा मोह आपण आरंभीच आवरलेला बरा.

६/ १५ मे १९२९ रोजी माद्रिदमध्ये स्पेनने इंग्लंडला ४-३ असे हरवले. ब्रिटिश बेटांबाहेरच्या संघाकडून इंग्लंडचा झालेला हा पहिला पराभव. दोनच वर्षांनी, डिसेंबर १९३१ मध्ये, लंडनच्या हायबरी मैदानावर इंग्लंडने ७-१ अशी परतफेड केली. त्या सातही वेळा चेंडू झामोराच्याच गोलात गेला. मायदेशी त्याची कीर्ती त्यामुळे ओसरली नाही. स्वर्गाच्या दारावर संत पीटर आणि पृथ्वीवर झामोरा, असे दोनच द्वारपाल आहेत, अशी म्हणच स्पेनमध्ये रूढ झाली.

७/ १९३० मध्ये माद्रिदने त्याला एस्पान्योलकडून आपल्याकडे आणले. त्या व्यवहाराचा आकडा दीड लाख पेसेटा असा सांगितला जातो. १९३१-३२ च्या लीगमध्ये माद्रिद अपराजित राहिले. १८ सामन्यांत संघावर अवघे १५ गोल झाले. दरम्यान एप्रिल १९३१ मध्ये राजा देश सोडून गेला, प्रजासत्ताक आले आणि ‘रेआल माद्रिद’च्या नावातील ‘रेआल’, म्हणजे ‘शाही’, हा शब्दही गळला. क्लबचे नावच जेथे राजसत्तेबरोबर बदलते, तेथे खेळाडू राजकारणापासून अलिप्त राहील ही अपेक्षाच भाबडी नव्हे काय?

८/ १९३४ चा विश्वचषक मुसोलिनीच्या इटलीत झाला. ब्राझीलविरुद्ध झामोराने पेनल्टी अडवली आणि स्पेन ३-१ असा जिंकला. ३१ मे रोजी फ्लॉरेन्समध्ये यजमान इटलीशी १-१ अशी बरोबरी झाली. हा सामना इतका धसमुसळा होता, की दुसऱ्याच दिवशी झालेल्या फेरसामन्यात जखमी झामोरा उतरू शकला नाही. इटलीने तो १-० असा जिंकला आणि पुढे विश्वचषकही. या सामन्यांतील पंचगिरीबद्दलचा वाद आजही शमलेला नाही.

९/ त्याच वर्षी प्रजासत्ताकाचे अध्यक्ष निसेतो अल्काला-झामोरा यांनी आपल्या या नामसाधर्म्य असलेल्या खेळाडूला प्रजासत्ताकाचा सन्मान दिला. म्हणजे १९३४ मध्ये झामोरा प्रजासत्ताकाचा मानकरी होता. ही नोंद विसरू नका. पुढे ती उपयोगी पडेल.

१०/ जुलै १९३६ मध्ये सैन्याने बंड केले. माद्रिद प्रजासत्ताकाच्या बाजूला राहिले आणि शहरातील सशस्त्र पथके ‘संशयितांचा’ शोध घेऊ लागली. झामोराचे नाव ‘या’ नावाच्या कॅथलिक वृत्तपत्राशी जोडलेले होते. त्यात तो लिहीत असे. त्या दिवसांत एवढे कारण पुरेसे होते. त्याला पकडून मोदेलो तुरुंगात टाकण्यात आले.

११/ दुसरीकडे बंडखोरांच्या गोटाने बातमी पसरवली, की लाल पथकांनी झामोराला ठार मारले. शत्रूच्या क्रौर्याचा पुरावा म्हणून त्याचे नाव वापरले जाऊ लागले. जिवंत माणूस तुरुंगात आणि वृत्तपत्रात तो हुतात्मा! खोट्या बातम्या ही आपल्याच काळाची देणगी आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे प्रकरण अवश्य अभ्यासावे.

१२/ तुरुंगातील धोका मात्र खोटा नव्हता. ऑगस्ट १९३६ मध्ये मोदेलोमध्ये राजकीय कैद्यांच्या हत्या झाल्या आणि नोव्हेंबरमध्ये माद्रिदच्या तुरुंगांतील अनेक कैदी पाराकुएयोस येथे नेऊन गोळ्या घालून मारण्यात आले. झामोरा वाचला. पहारेकऱ्यांशी फुटबॉलच्या गप्पा आणि त्यांच्याबरोबरचा खेळ त्याला तारक ठरला, असे सांगतात.

१३/ एक कथा याहून नाट्यमय आहे. पेद्रो लुईस दे गाल्वेझ हा अराजकवाद्यांच्या बाजूचा कवी तुरुंगात आला, झामोराला सर्वांसमोर उभे करून ‘याच्या केसालाही धक्का लावू नका’ अशा आशयाचे बोलला आणि झामोराचे प्राण वाचले. आपल्याकडे बखरीतील प्रसंग जसा अस्सल पत्राशी ताडून पाहतात, तशीच ही कथाही सावधपणे वाचावी. एवढे मात्र निश्चित, की अर्जेंटिनाच्या दूतावासाच्या प्रयत्नांनी झामोरा सुटला, फ्रान्सला गेला आणि नीस क्लबात आपला जुना सहकारी सामितिएर याच्यासोबत खेळू लागला.

१४/ युद्धाच्या अखेरच्या पर्वात तो फ्रँकोच्या ताब्यातील स्पेनमध्ये परतला. पुढे अॅटलेटिको अॅव्हिएशन या संघाचा तो प्रशिक्षक झाला. माद्रिदचा एक जुना क्लब आणि विजयी बाजूच्या हवाई दलाचा संघ यांच्या विलीनीकरणातून हा संघ जन्मला होता. एप्रिल १९४० च्या अखेरीस झामोराच्या मार्गदर्शनाखाली त्याने लीगचे विजेतेपद पटकावले. त्याच एप्रिलच्या अखेरीस फ्रँकोच्या राजवटीने कवी गाल्वेझला गोळ्या घातल्या.

१५/ हे दोन प्रसंग शेजारी ठेवले, की मन अस्वस्थ होते. झामोराला कृतघ्न म्हणावेसे वाटते. पण त्या राजवटीत एका प्रशिक्षकाच्या शब्दाला किती वजन होते? आणि ज्याच्या मृत्यूची बातमी एकदा छापून आली आहे, त्याच्याकडून धैर्याची अपेक्षा आपण, सुरक्षित खोलीत बसून, कोणत्या अधिकाराने करावी?

१६/ तरीही ‘त्याच्यापुढे पर्यायच नव्हता’ असे म्हणून मी त्याला मोकळे सोडणार नाही. त्याचे राष्ट्रीय संघातील सहकारी लुईस रेगेइरो आणि इसिद्रो लांगारा १९३७ मध्ये बास्क संघाबरोबर परदेशी गेले, सामने खेळले आणि पुढे मेक्सिकोत राहिले. पर्याय होता, पण त्याची किंमत मायदेश होती. झामोरा परतला. या निर्णयाची नोंद घ्यावी. तो समजून घेणे आणि त्याचे समर्थन करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१७/ हिंसा एकाच बाजूची नव्हती, हेही ध्यानात असू द्या. बार्सिलोना क्लबचा अध्यक्ष जोसेप सुन्योल याला ऑगस्ट १९३६ मध्ये फ्रँकोच्या सैनिकांनी मारले. झामोराची कथा सांगताना सुन्योल वगळणे किंवा सुन्योल सांगताना मोदेलो वगळणे, ही इतिहासाची निवडक कात्री आहे. ती चालवणारे दोन्ही बाजूंना आहेत.

१८/ १९५० च्या दशकात फ्रँकोने झामोराला ‘सिस्नेरोस’ हा सन्मान दिला. आता १९३४ ची नोंद आठवा. एकाच माणसाला प्रजासत्ताकाने गौरवले, त्याच प्रजासत्ताकाच्या पथकांनी कैद केले, बंडखोरांनी हुतात्मा ठरवले आणि हुकूमशहाने पुन्हा पदक दिले. या प्रत्येक वेळी झामोराचे स्वतःचे म्हणणे काय, हा प्रश्न कुणाच्याच दृष्टीने महत्त्वाचा नव्हता.

१९/ ८ सप्टेंबर १९७८ रोजी बार्सिलोनात त्याचे निधन झाले. राष्ट्रीय संघाकडून ४६ सामने आणि त्यांत ४२ गोल, हा त्याचा हिशेब. स्पॅनिश लीगमध्ये सामन्यामागे सर्वांत कमी गोल स्वीकारणाऱ्या गोलरक्षकाला आजही ‘झामोरा चषक’ दिला जातो. तो घेणाऱ्यांपैकी मोदेलो तुरुंग किती जणांना ठाऊक असेल?

२०/ म्हणून मित्रहो, ‘तो कोणत्या बाजूचा होता?’ हा प्रश्न पुढच्या वेळी कुणाही गतकालीन खेळाडूविषयी, कलावंताविषयी विचारण्याआधी आणखी एक प्रश्न विचारून पाहा: त्याला आपल्या बाजूचा ठरवण्याची घाई कुणाला होती आणि का? झामोराच्या बाबतीत निदान चार उत्तरे सापडतात. मेस्तायाच्या त्या छायाचित्रात धूळच अधिक आहे आणि माणूस थोडाच दिसतो. घाईने निकाल न देता आधी ती धूळ खाली बसू देणे, एवढे तरी आपण त्याच्यासाठी करू शकतो.