इंजिन मेलं नव्हतं, नुसती दोरी फिरत होती!

मित्रहो, आधीच सांगते, माझं मराठी कॉन्व्हेंटछाप आहे, चुका संपादकांनी पोटात घालाव्यात. तरी हे मराठीतच लिहायचं ठरवलं, कारण आमचं इंजिन ज्या काकांमुळे वाचलं त्यांनी ते अस्सल मराठीत झापून वाचवलं.

आमच्या टीमची नायट्रो आरसी कार तुम्ही पार्किंगमध्ये बोंबलताना ऐकली असेलच. रेसला नऊ दिवस राहिले आणि स्टार्टरची दोरी ओढली की सळकन हातात यायला लागली. इंजिन ढिम्म. सीनिअर्सनी निकाल दिला, "इंजिन गेलं." नवीन स्टार्टर असेंब्ली बाहेरून मागवायची तर अडीच हजार आणि तीन आठवडे. म्हणजे परत प्रत्येकी ३०० रुपये काढा. एका फर्स्ट इयरच्या मुलाने आधीची वर्गणीच मेसच्या पैशातून दिली होती. तो काही बोलला नाही, फक्त दुसऱ्या दिवसापासून यायचा बंद झाला. मला राग आला तो इथे.

मग मी मागचे चार स्क्रू काढले. दोरीच्या चाकात बोटाच्या पेराएवढी एक नळी असते, तिला म्हणतात वन-वे बेअरिंग. पुणेकराला हे समजायला सायकलचं फ्रीव्हील पुरे. पुढे पॅडल मारलं की धरतं, मागे फिरवलं की सुटतं. फ्रीव्हीलमध्ये 'कुत्ते' असतात, इथे बारीक रोलर असतात. नळीला आतून उतार दिलेले असतात. दोरी ओढली की रोलर उतार आणि शाफ्टच्या मध्ये अडकतात आणि शाफ्ट फिरतो. इंजिन सुरू झालं की शाफ्ट क्रँकबरोबर ३० हजार आरपीएमच्या घरात पळतो आणि रोलरनी गप्प बाजूला राहायचं. झिजणारच ना! त्यात फ्युएलमधलं कॅस्टर ऑइल चिकट होऊन बसतं. मी आधी रॉकेलने धुऊन पाहिलं (ग्रीस मात्र भरू नका, रोलर आणखी घसरतात). पाच वेळा धरलं, सहाव्यांदा पुन्हा सळकन.

तर मी नाना पेठेत गेले. स्पेअर पार्टच्या दुकानांमध्ये एक बेअरिंगचं दुकान.

"ताई, नंबर सांगा."

"काका, नंबर पुसलाय. रिमोटच्या गाडीचं आहे."

"इंजिनिअरिंगला ना? मग व्हर्नियर काय ओवाळायला घेतलाय?"

त्यांनीच मोजलं. आत ६, बाहेर १०, लांबी १२ मिमी. "एचएफ ०६१२. झेरॉक्स मशिनमध्ये असतं हे." मग शाफ्ट मागितला आणि त्यावरून नख फिरवलं. रेघ लागली असती तर नवीन बेअरिंगही चार दिवसांत घसरलं असतं, कारण रोलर थेट शाफ्टवरच धरतात. आमचा शाफ्ट गुळगुळीत निघाला. किंमत? दीडशेच्या आत! "तीन न्या," काका म्हणाले, "पहिलं तुम्ही उलटंच बसवणार."

आणि बसवलं की हो! बाजूवर दिशेचा बाण असतो तो कोणी पाहिलाच नाही. उपसून काढताना ते पातळ पत्र्याचं कवच चेपलं. दुसरं मात्र नंबर छापलेल्या बाजूने, व्हाइसमध्ये सॉकेट ठेवून हळूहळू दाबलं. हातोडी नाही.

आता माझं म्हणणं. चिंचवडला एसकेएफचा कारखाना असलेल्या या शहरात आम्ही भांडारींचं 'डिझाइन ऑफ मशिन एलिमेंट्स' उशाशी घेऊन झोपतो, बेअरिंग सिलेक्शनची गणितं मार्कांपुरती सोडवतो, आणि खरं बेअरिंग खराब झालं की अख्खी असेंब्ली मागवतो. कोणी म्हणेल, ओरिजिनल ते ओरिजिनल. क्रँकच्या बेअरिंगबद्दल मी ऐकून घेईन, तिथे कंजूषी केली तर इंजिनच जाईल. स्टार्टरचं बेअरिंग घसरलं तर फार तर गाडी सुरू होणार नाही. वर्षातून दोनदा बदललं तरी अडीच हजार होत नाहीत.

स्टाफला एक विनंती. अडीच हजारांच्या असेंब्लीला तीन कोटेशन लावून मंजुरी मिळते, पण काकांची साधी पावती अकाउंट्समध्ये चालली नाही, पैसे माझ्या खिशातून गेले. वर्कशॉपला हजारभर रुपये किरकोळ खर्चाला द्या, हिशोब आम्ही वहीत लिहू.

पहिली दोरी ओढायला त्या फर्स्ट इयरवाल्याला बोलावून आणलं. तिसऱ्या ओढीला इंजिन बोंबललं, आणि बॉइज हॉस्टेलच्या रेक्टर सरांचा फोनही लगेच आला.

उरलेलं तिसरं बेअरिंग वर्कशॉपच्या कपाटात डावीकडच्या डब्यात आहे. कोणाला लागलं तर घ्या, पण आधी शाफ्टवरून नख फिरवून बघा.