महिने बारा, रिचार्ज तेरा
हातखंबा तिठ्यावर रिचार्ज मारणाऱ्याचा हिशेब साधा आहे: वर्षाचे महिने बारा, पण 28 दिवसांचे रिचार्ज तेरा. 8 फेब्रुवारी 2016 रोजी ट्रायने साइट बघून डेटाचा दर बदलायला बंदी केली. फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजना त्यामुळेच भारतात गुंडाळली गेली. फुकटचं गेलं, असं तेव्हा कुणाला वाटलंही असेल. पण नाहीतर सातबारा बघायचा दर एक आणि व्हिडिओचा दुसरा, हे कंपनीनेच ठरवलं असतं. मात्र हा नियम भेदभाव रोखतो, दरवाढ नाही. जुलै 2024 मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवलेच. वाडीत रेंज गेली तरी दिवस मोजले जातातच. 2022 च्या आदेशानुसार 30 दिवसांचा एक तरी प्लॅन प्रत्येक कंपनीने ठेवायचा आहे. दुकानात तो नेमका मागावा.