न थांबता आलो, यात कसला पराक्रम?

पोस्ट मोठी आहे, पण गणपतीआधी वाचा आणि मुंबईतल्या आपल्या माणसांनाही पाठवा.

तळेरे तिठ्यावर गणपतीच्या आधीचे दोन-तीन दिवस पहाटे पाच ते सात उभं राहून बघा. मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागलेली असते. काच खाली होते, डोळे लालभडक, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "रात्री धा वाजता सुटलंय, वाटेत खंयच थांबाक नाय!" आपणही कौतुकाने मान हलवतो. तोच माणूस "वाटेत दोन पेग मारून इलंय" म्हणाला असता, तर त्याच्या बायकोनेच चावी काढून घेतली असती. मला या फरकाबद्दल बोलायचंय.

1997 साली ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड या संशोधकांनी धडधाकट माणसं घेतली. त्यांना एकदा जागं ठेवलं आणि एकदा दारू पाजली, आणि दोन्ही वेळा हात-डोळ्यांचा मेळ तपासला. सलग 17 तास जागा असलेला माणूस 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसासारखा चुकत होता. 24 तासांनंतर तर 100 मिलिग्रॅमवाल्यासारखा. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा आहे 30 मिलिग्रॅमची.

आता आपल्या चाकरमान्याचा हिशोब मांडा. सकाळी सहाला उठला, दिवसभर ड्युटी केली, घरी येऊन सामान भरलं, रात्री दहाला स्टार्टर मारला. पनवेल-पेणच्या आसपासच त्याचे 17 तास भरतात. पुढे कशेडी, परशुराम, संगमेश्वर, लांजा, राजापूर. खारेपाटणला जिल्ह्यात शिरतो तेव्हा त्याला जागून 23-24 तास झालेले असतात. कायद्याच्या मर्यादेच्या तिप्पट प्यायलेल्या माणसाच्या हातात स्टेअरिंग असावं तशी ही गत. मागे बायको, पोरं, म्हातारी आई, सगळी गाढ झोपलेली. नाकाबंदीवर पोलिसाने मशीन तोंडाला लावलं तरी त्यात शून्यच येणार. झोप मोजणारं यंत्र त्यांच्याकडे नाही.

गंमत म्हणजे हा मुख्य धोका आपल्या बाजूला जास्त आहे. घाटात आणि खड्ड्यांत माणूस जागा तरी राहतो. खारेपाटणच्या पुढे चौपदरी सरळ रस्ता मिळाला, घर तासाभरावर आलं, की अंग सैल पडतं. ताशी 80 च्या वेगात तीन सेकंद डोळा लागला तर गाडी 65 मीटरहून जास्त अंतर चालकाशिवाय जाते. त्यात पहाटे दोन ते सहा शरीराचं घड्याळच झोपेकडे ओढत असतं. तब्येत कितीही ठणठणीत असो, सवय कितीही असो, ते घड्याळ कोणाचं ऐकत नाही.

या महामार्गावरचे दोन अपघात आठवा. 19 मार्च 2013, पहाटे तीनच्या सुमारास गोव्याहून मुंबईला निघालेली खासगी बस खेडला जगबुडी पुलावरून खाली गेली, 37 माणसं गेली. 19 जानेवारी 2023, पहाटे पाचच्या आसपास माणगावजवळ रेपोलीला ट्रक आणि इको गाडीची धडक, नऊ जण जागच्या जागी गेले. दोन्हींचं कारण झोपच होती असा माझा दावा नाही. वेळ तेवढी बघा.

"माका सवय आसा" म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक. 2003 मध्ये अमेरिकेत निरोगी माणसांना 14 दिवस रोज सहाच तास झोपू दिलं. शेवटी त्यांचं लक्ष इतकं घसरलं की एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांइतकंच. आणि त्यांना विचारलं तर म्हणे, थोडीशीच झोप येतेय! म्हणजे थकलेल्या माणसाला स्वतःचं थकणं कळत नाही. लोकलचे धक्के खात वर्षभर सहा तास झोपणारा आपला माणूस असा आधीच कर्जात असतो.

खिडकी उघडणं, मोठ्याने गाणी, तंबाखूचा बार, तोंडावर पाणी, यांनी चार-पाच मिनिटं बरी जातात, बस्स. चहा-कॉफीचा असर व्हायला अर्धा तास तरी लागतो. चहा पिऊन लगेच गाडीत सीट मागे करून पंधरा-वीस मिनिटं झोपणं, हा त्यातल्या त्यात खरा उपाय. तोही तात्पुरता.

भाड्याच्या गाड्यांची कथा वेगळी. तिथे चालक थांबायचं ठरवूच शकत नाही, कारण सीझनमध्ये गाडी सकाळी पोचून संध्याकाळी परत भरायची असते. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. ती गणपतीत कोण बघतो? प्रवाशाला आडवं व्हायला स्लीपर, आणि चालवणारा मात्र दुसऱ्या रात्रीही बसलेला. तिकीट काढताना एसी आहे का विचारता ना, तसंच दुसरा ड्रायव्हर आहे का हेही विचारा.

आणि आपण इथले काय करणार? दरवर्षी महामार्गावर सुविधा केंद्रं लागतात. चहा, पाणी, प्रथमोपचार, मंडप, बॅनर. चांगलंच आहे. पण तिथे आडवं पडायला जागा हवी. तळेरे हा विजयदुर्ग आणि कोल्हापूरकडचे फाटे फुटणारा तिठा. करूळ घाटातून रात्रभर ट्रक चालवत आलेलेही इथेच उतरतात. त्या चार रात्री एखादा हॉल, पंचवीस चटया, पंखे, संडास आणि "दोन तासांनी उठवा" म्हटल्यावर उठवणारी दोन पोरं, एवढंच लागेल. बॅनरच्या खर्चात बसेल.

ग्रामपंचायतीला लेखी देतोय. कोणाकडे रस्त्यालगत हॉल किंवा मोकळं गोडाऊन असेल तर मला मेसेज करा. चटया मी बघतो.