मेथीची जुडी आणि माशाचं तेल

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या गल्लीत एका घरी वाण म्हणून काय मिळालं असेल? चक्क माशाच्या तेलाच्या कॅप्सूल! दहा-दहाची पाकिटं, वर लाल बदामाचं चित्र. "हृदयाला चांगलं असतं हो, आमचा मुलगा याचंच काम बघतो," त्या वहिनी कौतुकानं सांगत होत्या. शाकाहारी घरांतल्या एकदोघींनी पाकीट हळूच ताटात परत ठेवलं, बाकीच्यांनी पर्समध्ये टाकलं. मीही टाकलं. पण घरी आल्यावर ते थोरल्या जाऊबाईंच्या नजरेस पडू नये म्हणून साबुदाण्याच्या डब्यामागे सारून दिलं. त्याला कारण आहे.

जाऊबाईंना लहानपणी घसा दुखून ताप यायचा, मग गुडघे-घोटे सुजायचे. त्या काळी गावात त्याला कोण विचारतो? दुसऱ्या बाळंतपणात दम लागायला लागला तेव्हा कळलं, की त्या तापानं हृदयाची एक झडप आखडली आहे. पुढे फुगा घालून ती रुंद केली. आणि पन्नाशीच्या आसपास धडधड सुरू झाली. आधी सगळ्यांनी 'वय आहे, पाळी जायची वेळ आहे' म्हणून सोडून दिलं. शेवटी ईसीजी काढला. डॉक्टर म्हणाले, "एएफ आहे," म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. दोन गोळ्या दिल्या. एक ठोके आवरायची, दुसरी रक्ताची गुठळी होऊ न देणारी. या दुसरीसाठी दर महिन्याला रक्ताची तपासणी, आयएनआर. ती आमच्या गावात होत नाही. चाळीस किलोमीटर एसटीनं जायचं, दुपारपर्यंत थांबायचं, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून यायचं.

दोन-अडीच वर्षं त्यांनी हे केलं. मग पुण्याच्या भाच्यानं प्रेमानं फिश ऑइलचा मोठा डबा पाठवला. कुठल्याशा जाहिरातीत त्यांनी ऐकलं होतं, की या तेलानं रक्त 'नैसर्गिकरीत्या' पातळ राहतं. झालं. एक नैसर्गिक, घरपोच. दुसऱ्यासाठी एसटी, सुई, खर्च आणि सोबत कोण येणार ही रोजची कटकट. कुणाला काही न सांगता त्यांनी गुठळीची गोळी बंद केली.

दीड महिन्यानं, गौरीजेवणाच्या दिवशी, पुरणयंत्राचा दांडा त्यांच्या हातातून सुटला. आम्हाला वाटलं, दमल्या. कुणी साखरपाणी आणलं, कुणी पंखा लावला. तोंड वाकडं झालेलं माझ्या मुलीनं पाहिलं. तोवर तास गेला होता. जिल्ह्याच्या ठिकाणी पोचलो तेव्हा गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनची वेळ अजून उरली होती, हे नशीब. लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत ते द्यावं लागतं. आज त्या चालतात, बोलतात. उजव्या हाताची बोटं मात्र पूर्वीसारखी वळत नाहीत. करंजीची मुरड घालता येत नाही, याचं त्यांना सगळ्यात वाईट वाटतं.

त्यांनी अडाणीपणा केला असं मला वाटत नाही. त्यांनी हिशेब केला, आणि त्या हिशेबातला महत्त्वाचा आकडा त्यांना कुणी दिलाच नव्हता. तो असा. हृदयाचे वरचे दोन कप्पे ठोका देण्याऐवजी नुसते थरथरत राहतात, तेव्हा त्यांतलं रक्त नीट पुढे सरकत नाही, साचतं. साचलेल्या रक्ताची गुठळी होते, ती सुटून मेंदूकडे गेली की लकवा. एएफमुळे लकव्याचा धोका सुमारे पाचपट होतो. झडप आखडलेली असेल तर त्याहूनही कितीतरी जास्त. धडधड थांबली म्हणून हा धोका जात नाही. बरं वाटत असतानाही गुठळी होऊ शकते. म्हणूनच 'आता बरं वाटतंय, मग गोळी कशाला' हा आपला नेहमीचा हिशेब इथे चुकतो.

आता तेलाचं. मासे खाणं चांगलं, त्याबद्दल वाद नाही. बांगडा-तारली ताटात असेल तर खुशाल खा. वाद आहे तो कॅप्सूलचा. अमेरिकेत २५ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या 'व्हायटल' अभ्यासात रोज साधारण ८४० मिलिग्रॅम ओमेगा-३ देऊन पाहिलं, काहींना 'डी' जीवनसत्त्वही. २०२१ मध्ये त्याचा निष्कर्ष आला: एएफ टाळायला यातल्या कशाचाच उपयोग झाला नाही. त्याच्या आदल्या वर्षी 'स्ट्रेंथ' या अभ्यासात हृदयाचा धोका असलेल्या १३ हजारांवर लोकांना रोज ४ ग्रॅम असा मोठा डोस दिला होता. हृदयाला फायदा तर दिसलाच नाही, उलट तेल घेणाऱ्यांत नव्यानं एएफ झालेले २.२ टक्के निघाले, न घेणाऱ्यांत १.३ टक्के. म्हणजे ज्या आजारावर उपाय म्हणून बायका हे गिळतात, तोच आजार मोठ्या डोसनं वाढू शकतो! २०२३ मध्ये युरोपच्या औषध नियंत्रण संस्थेनं ओमेगा-३च्या औषधांच्या माहितीपत्रकात एएफ हा 'नेहमी आढळणारा' दुष्परिणाम म्हणून लिहायला सांगितलं. ही बातमी आपल्याकडे कितीजणींपर्यंत पोचली? बदामाचं चित्र मात्र पोचलं.

आपल्याकडे या डब्यांची गंमत अशी, की कायद्याच्या लेखी ते औषधच नाहीत. ते 'अन्न' आहेत. औषधांच्या जाहिरातींसाठी १९५४चा कायदा आहे, हृदयरोग बरा करतो असं सांगत औषध विकायला त्यात बंदी आहे. पण पूरक आहार अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे येतो. त्यांच्या २०१६च्या नियमांप्रमाणे डब्यावर 'औषधी उपयोगासाठी नाही' असं लिहावंच लागतं. घरातला एखादा डबा हातात घ्या आणि शोधा. चष्मा लागेल, अक्षर बारीक असतं. 'आजार बरा होतो' असं म्हणता येत नाही म्हणून मग 'हृदयाची साथ', 'रक्ताभिसरणाला मदत' अशी निसरडी भाषा येते. शब्द कायद्यात बसतात, आणि अर्थ आपण आपल्या मनानं लावतो. जाऊबाईंनी लावला तसा.

दुसरी एक गोष्ट मैत्रिणींना मुद्दाम सांगायची आहे, कारण ती शहरातल्या नातेवाइकांकडून येणाऱ्या सल्ल्याबद्दल आहे. रक्ताच्या गुठळीवर हल्ली नव्या गोळ्या आल्या आहेत: रिव्हरॉक्साबॅन, अपिक्साबॅन, डॅबिगॅट्रॅन. त्यांना दर महिन्याची आयएनआर तपासणी लागत नाही, भाजीपाल्याचं पथ्य नाही. झडपा ठीक असलेल्या एएफच्या रुग्णांना आज बहुधा याच दिल्या जातात, आणि चांगल्या आहेत. तेव्हा 'अजून ती जुनी गोळी काय घेतेस? बदलून घे' असं कुणीतरी म्हणतंच. पण बालपणीच्या तापानं आखडलेली झडप ही वेगळी गोष्ट. या रुग्णांसाठी 'इन्व्हिक्टस' नावाचा अभ्यास झाला, २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेतले २४ देश, साडेचार हजारांवर रुग्ण. आपला देशही त्यात होता, दिल्लीच्या एम्समधले डॉ. गणेशन कार्तिकेयन हे त्याच्या प्रमुखांपैकी एक. रुग्णांचं सरासरी वय पन्नास, आणि शंभरातल्या बहात्तर बायका! वाचताना मला तर आमच्या जाऊबाईच दिसल्या. निष्कर्ष असा, की नव्या रिव्हरॉक्साबॅनपेक्षा जुन्या वॉरफॅरिनच्या जातीच्या गोळीवर मृत्यू कमी झाले, आणि रक्तस्रावही वाढला नाही. विशेष म्हणजे या रुग्णांचा आयएनआर काही नेहमी बरोबर नव्हता, तपासणीच्या वेळी साधारण साठ टक्क्यांच्या आसपास रुग्णांचाच ठीक असायचा. तरीही जुनी गोळी सरस ठरली. धातूची झडप बसवलेल्यांनाही नव्या गोळ्या चालत नाहीत. म्हणून पट्टीवर वॉरफॅरिन किंवा असेनोकुमारॉल लिहिलेलं असेल, तर 'का?' हे डॉक्टरांना विचारा जरूर, पण गोळी परस्पर बदलू नका.

या जुन्या गोळीचं नातं आपल्या स्वयंपाकघराशी आहे. पालक, मेथी, चवळई, शेपू, कोथिंबीर, शेवग्याचा पाला यांत 'के' जीवनसत्त्व असतं आणि ते गोळीच्या विरुद्ध काम करतं. हे ऐकून जाऊबाईंनी पहिल्या वर्षी पालेभाजी पार सोडली होती. मग थंडीत मेथीच्या जुड्या स्वस्त झाल्या, मन आवरेना, आठवडाभर रोज मेथी. आयएनआर घसरला. पालेभाजी सोडायची नसते, तिचं प्रमाण सांभाळायचं असतं. आठवड्यातून तीन दिवस वाटीभर, तर बाराही महिने साधारण तेवढीच. नवरात्राचे नऊ दिवस नुसतं साबुदाणा-भगर आणि दसऱ्यापासून पुन्हा पालेभाज्यांचा मारा, हा आपला खाक्या या गोळीला मानवत नाही. उपवास करणारच असाल तर डॉक्टरांना आधी सांगा, ते तपासणीची तारीख त्याप्रमाणे लावतील. फोडणीतली हळद, आमटीतला लसूण चालतो. हळदीच्या, लसणाच्या गोळ्या-कॅप्सूल मात्र रक्तस्राव वाढवू शकतात. अर्जुनसाल घेणाऱ्या बऱ्याचजणी आहेत. ती घेता हे निदान डॉक्टरांपासून लपवू नका, आणि गुठळी रोखणारी गोळी तिच्या भरवशावर सोडू नका. सगळ्यात वाईट म्हणजे गुडघ्यासाठी दुकानातून सहज आणलेली दुखणं मारायची गोळी. बाकीची सगळी पथ्यं सांभाळून बायका नेमक्या इथे चुकतात.

आणि एक कुणी बोलत नाही ते. पाळी चालू असलेल्यांना या गोळीनं अंगावरून खूप जाऊ शकतं. लाजेखातर डॉक्टरांना सांगत नाहीत, घरात तर नाहीच, आणि गोळी गुपचूप बंद होते. सांगितलं तर त्याला उपाय आहेत. मूल हवं असेल तर दिवस जाण्याआधीच बोलायला हवं, कारण वॉरफॅरिननं सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाला इजा होऊ शकते. काळी शौच, हिरड्यांतून न थांबणारं रक्त, डोक्याला जोराचा मार, यांसाठी दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

बाकी उपचारांचं थोडक्यात. ठोके आवरायच्या गोळ्या, विजेचा हलका झटका देऊन लय परत आणणं, मोठ्या शहरांत नळी घालून हृदयातली बिघडलेली जागा डागणं, हे सगळं आहे आणि कुणाला काय हे तज्ज्ञच ठरवणार. पण रक्तदाब, वजन, झोपेत श्वास अडकून येणारं घोरणं आणि थायरॉइड या चार गोष्टी तपासल्याशिवाय एएफचा उपचार पुरा होत नाही. थायरॉइड वाढल्यानं एएफ होतं हे आपल्यात फारसं माहीत नाही, आणि थायरॉइडचे रुग्ण म्हणजे बहुतेक बायकाच. मॅग्नेशियमच्या गोळ्यांचंही सध्या फार ऐकू येतं. रक्तात ते कमी असेल तर भरून काढायलाच हवं. कमी नसताना घेऊन एएफ बरं होत नाही.

आता सरकारचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत झडपेचे उपचार होतात, २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. चांगलंच आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी-उपचार मोफत झाले, तेही चांगलं. पण योजनेचा सगळा जोर दाखल होऊन करायच्या उपचारांवर. फुगा घालायला सरकार पैसे देतं, त्यानंतर जन्मभर दरमहा लागणारी आयएनआर तपासणी मात्र बाईनं आपल्या पदरच्या पैशानं, आपल्या वेळात, एसटीनं करायची. जाऊबाईंसाठी आम्ही जवळच्या सरकारी रुग्णालयात विचारलं, तर ती तपासणी इथे होत नाही असं उत्तर मिळालं. बोटाच्या थेंबावर काही मिनिटांत आयएनआर सांगणारी यंत्रं आहेत, साखर मोजतात तशी. तालुक्याच्या रुग्णालयात असं एक यंत्र आणि महिन्यातला एक ठरलेला वार, एवढं तरी मागता येईल की नाही? महिला मंडळानं, बचत गटानं निवेदन द्यायला काही हरकत नाही. आमच्या मंडळानं दिलं आहे. अजून उत्तर नाही.

तोवर आमच्या घरची व्यवस्था अशी. कालनिर्णयवर दर महिन्याच्या एका तारखेभोवती लाल गोल असतो, त्या दिवशी सोबत जायची पाळी आळीपाळीनं ठरलेली. त्याखाली मागचा आकडा. डॉक्टरांनी २ ते ३च्या मध्ये ठेवायला सांगितलाय. सकाळी चहा झाला की जाऊबाई डाव्या हाताची तीन बोटं उजव्या मनगटावर ठेवून मिनिटभर नाडी बघतात, आणि मलाही बघायला लावतात. ठोक्यांत ताल नसेल, एक लवकर, एक उशिरा असं लागत असेल, तर ईसीजी काढून घ्यायचा, हे त्यांनी आता गल्लीतल्या पाच-सहा जणींना शिकवलंय. वाणाचं पाकीट वाटणाऱ्या वहिनींनाही.

साबुदाण्याच्या डब्यामागचं ते पाकीट त्यांना परवा सापडलंच. उलटंपालटं करून बघितलं, चष्मा लावून मागचं बारीक अक्षर मोठ्यानं वाचलं, आणि मला म्हणाल्या, "अगं, औषध नाही असं हे स्वतःच सांगतायत की! आणि आज मंगळवार ना? मेथी निवडायला घे, माझी वाटीभरच."