दीड जीबीचा पॅक चार सेकंदांत फस्त! हलणारा थ्रीडी माणूस मोबाइलमध्ये मावणार कसा?

तुमच्याकडे रोज दीड जीबी डेटा आहे असं धरू. त्यात दिवसभराच्या रील्स, एखादा व्हिडिओ कॉल आणि रात्रीचं थोडं यूट्यूब निभावतं. आता त्याच पॅकवर एका नर्तकीचा थ्रीडी व्हिडिओ बघायचा ठरवा. साधा नाही, तर जिच्याभोवती तुम्हाला फिरता येईल, मागून-पुढून बघता येईल असा. कच्च्या स्वरूपात हा व्हिडिओ आला, तर पॅक चार सेकंदही टिकणार नाही.

हिशोब करून बघा. थ्रीडी आकृती म्हणजे त्रिकोणांची जाळी, तिला 'मेश' म्हणतात. माणसाच्या आकृतीसाठी ४० हजार त्रिकोण आणि साधारण २० हजार बिंदू धरू. प्रत्येक बिंदूची जागा, रंगाच्या चित्रातला त्याचा पत्ता आणि कोणते तीन बिंदू मिळून त्रिकोण होतो याची यादी, असं सगळं मिळून एका फ्रेमला जवळपास ९०० केबी लागतात. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे २६ एमबी. हा झाला फक्त आकार. कपड्यांच्या आणि त्वचेच्या रंगासाठी २०४८ बाय २०४८ पिक्सेलचं चित्र घेतलं, तर सेकंदाला आणखी ३७७ एमबी.

गंमत अशी की यातला मोठा आकडा तितका त्रासदायक नाही. रंग शेवटी चित्रच आहे, नेहमीचा व्हिडिओ कोडेक त्याला आवळतो. खरी डोकेदुखी त्या २६ एमबीची आहे.

गेममध्ये तर थ्रीडी चालतंच की?

चालतं, कारण तिथे जाळी एकदाच डाउनलोड होते. मग आतला हाडांचा सांगाडा हलवला की पात्र पळतं, उडी मारतं. जाळी तीच राहते.

खऱ्या माणसाचं चित्रण वेगळं असतं. त्याच्याभोवती कॅमेऱ्यांचं रिंगण लावतात (मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१५ साली मांडलेल्या पद्धतीत १०६ कॅमेरे होते) आणि प्रत्येक क्षणाची जाळी नव्याने विणली जाते. या फ्रेममध्ये पाच हजार क्रमांकाचा बिंदू कोपरावर असेल, तर पुढच्या फ्रेममध्ये तोच क्रमांक गुडघ्यावर सापडेल. बिंदूंची संख्याही बदलते. हात कमरेवर ठेवला की दोन वेगळे भाग एकमेकांना चिकटतात. वर मोकळा पदर किंवा घेरदार घागरा असेल तर विचारूच नका.

व्हिडिओ छोटा करण्याची सगळी युक्ती 'मागच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच पाठवा' यावर उभी आहे. इथे कोण कोणाशी जुळतं हेच माहीत नाही, तर फरक काढणार कशातून? गूगलचं ड्रॅको हे मोफत साधन २०१७ पासून आहे, पण ते एकेक जाळी सुटी आवळतं. फ्रेमा-फ्रेमांमधलं साम्य वायाच जातं.

मग तोडगा काय निघाला?

एमपीथ्री ज्यांच्याकडून आलं, त्या 'एमपेग' गटाने २०२१ मध्ये यासाठी प्रस्ताव मागवले. एप्रिल २०२२ मध्ये ॲपलचा प्रस्ताव पाया म्हणून निवडला गेला. त्यातून उभ्या राहिलेल्या मानकाचं नाव व्ही-डीएमसी.

कल्पना मूर्तिकाराच्या कामासारखी आहे. आधी ढोबळ आकार, मग बारीक हात. मूळ जाळी घटवून समजा अडीच हजार त्रिकोणांवर आणली. फोनपर्यंत एवढीच पाठवायची. फोन प्रत्येक त्रिकोणाचे चार तुकडे करतो, मग पुन्हा चार, आणि झाले ४० हजार. आता प्रत्येक बिंदूला खऱ्या जागेवर नेण्यासाठी किंचित सरकवायला हवं. हे 'सरकवणं' आकड्यांत मांडून चक्क चित्राच्या रूपात रचतात आणि व्हिडिओसारखं आवळून पाठवतात. ढोबळ जाळी मागच्या फ्रेमशी जुळली तर तिची फक्त हालचाल जाते, नाही जुळली तर ती नव्याने पाठवावी लागते.

मला यातली हुशारी गणितापेक्षा व्यवहारात दिसते. व्हिडिओ उलगडणारी चिप तुमच्या फोनमध्ये आधीच आहे. जड काम तिच्याकडे सोपवलं.

पैसे कोणाला मिळणार?

हा प्रश्न तांत्रिक बातम्यांमध्ये शेवटी येतो, खरंतर आधी यायला हवा. एमपेगच्या मानकांमध्ये अनेक कंपन्यांची पेटंट असतात. एमपीथ्रीची पेटंट वसुली २०१७ मध्ये थांबली. एचईव्हीसी या व्हिडिओ मानकाच्या वेळी तर वसुली करणारे वेगवेगळे गट तयार झाले. त्या गोंधळाला कंटाळून गूगल, नेटफ्लिक्स, ॲमेझॉन यांसारख्या कंपन्यांनी २०१५ मध्ये आघाडी केली आणि २०१८ मध्ये रॉयल्टी न मागणारा एव्हीवन आणला. व्ही-डीएमसीमध्ये आतला व्हिडिओ कोडेक कोणताही वापरता येतो, ही जमेची बाजू. पण जाळीच्या भागाचं काय, यावर छोट्या ॲपवाल्यांना ते परवडेल की नाही हे ठरेल.

दरम्यान, जाळीलाच स्पर्धक आला आहे. २०२३ मध्ये आलेल्या 'गॉसियन स्प्लॅटिंग'मध्ये त्रिकोणच नसतात, लाखो रंगीत धूसर ठिपक्यांतून दृश्य उभं राहतं. केस, धूर, काच त्यात जास्त खरे वाटतात. मात्र ते ठिपके हलू लागले की डेटाचा डोंगर पुन्हा समोर येतो, आणि ते आवळायचे कसे याचा अभ्यास आता एमपेगमध्येही सुरू आहे.